बैलगाडा शर्यतीच्या चित्रफिती : दृश्य, ध्वनी आणि पुरावा

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एक नवा दृश्यप्रकार रूढ झाला आहे. बैलगाडा शर्यतीचे मोबाइलवर अथवा कॅमेऱ्याने चित्रण करावयाचे, ते कापून-जोडून थोडक्या सेकंदांचे करावयाचे आणि व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांच्या द्वारा गावोगाव पोचवावयाचे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. तो पाहणारे पुष्कळ आहेत, करणारेही थोडे नाहीत; निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांतून नाशिकला शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या खिशात तो असतो. विद्यापीठीय समीक्षा मात्र 'करमणूक' या एका शब्दात त्याची बोळवण करते. लावणीची आणि पोवाड्याची एके काळी अशीच बोळवण होत असे, हे येथे आठवावे. या चित्रफितींचे खरे मूल्य त्यांतील दृश्यापेक्षा ध्वनीवर अधिक अवलंबून आहे, आणि आज त्या ज्या रीतीने संपादित होतात तीत नेमका हा ध्वनीच नष्ट केला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. शर्यती असाव्यात की नसाव्यात हा प्रश्न या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे; परंतु त्या प्रश्नाचा निर्णय ज्या साधनांवर व्हावयाचा त्यांत या चित्रफितींचाही समावेश होत असल्यामुळे, तो पूर्णपणे टाळता येणार नाही.

प्रथम विषयाची मर्यादा सांगितली पाहिजे. 'बैलगाडा शर्यत' या एका नावाखाली महाराष्ट्रात निदान तीन वेगळे खेळ चालतात. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पुणे जिल्ह्यातील पट्ट्यात शर्यत घाटात होते. घाट म्हणजे येथे डोंगरातला रस्ता नव्हे. मुद्दाम बांधलेली चढाची धावपट्टी. एका वेळी एकच गाडा सुटतो, गाड्याच्या जोडीपुढे जुकाटाची जोडी असते, त्यांच्यापुढे घोडीवरचा स्वार, आणि निर्णय घड्याळावर होतो. या एका धावेस बारी म्हणतात. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात शर्यत मैदानात होते. हलक्या गाड्या शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून एकदम सुटतात, हाकणारा गाडीवर असतो, प्रथम गट, मग उपांत्य आणि अंतिम फेरी अशी चाळणी लागते, आणि निशाणाला जो आधी पोचेल तो विजयी. विदर्भातील शंकरपट हा तिसरा प्रकार. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथे स्त्रियाही जोडी हाकतात. पहिल्या प्रकारात प्रतिस्पर्धी दिसतच नाही, तो घड्याळात असतो. दुसऱ्यात तो शेजारच्या चाकोरीत असतो. हा फरक चित्रण करणाऱ्याने ओळखला नाही, तर त्याचे चित्रण कितीही स्वच्छ असले तरी निरर्थक होते.

असे निरर्थक चित्रण आज पुष्कळ होते. ड्रोनचे उदाहरण घेऊ. मैदानी शर्यतीचे वरून घेतलेले चित्र बोधक असते: कोणती गाडी आपली चाकोरी सोडून दुसऱ्याच्या चाकोरीत शिरली, कोणत्या जोडीने शेवटच्या टप्प्यात अंतर कापले, हे जमिनीवरून न दिसणारे सर्व तेथून दिसते. परंतु तेच यंत्र घाटावर नेले की शर्यतीचा प्राणच हरवतो. कारण उंचावरून सरळ खाली पाहणाऱ्या डोळ्याला चढ दिसत नाही. ज्या चढामुळे जुकाट आणि मागची जोडी यांच्या जोराचा मेळ बसतो की नाही याची परीक्षा होते, तो चढ पडद्यावर सपाट पट्टी होऊन बसतो, आणि चार जनावरे एका रेघेवरून सरकताना दिसतात. घाट चित्रित करावयाचा तर कॅमेरा खालच्या अंगाला, जमिनीलगत, किंचित बाजूला पाहिजे. जुन्या, साध्या मोबाइलवर गर्दीतून घेतलेल्या फितींत तो नकळत तेथेच असतो, आणि म्हणून त्या पुष्कळदा महागड्या फितींपेक्षा सरस ठरतात.

उभ्या चौकटीचेही असेच आहे. मोबाइल उभा धरून पाहण्याच्या सवयीमुळे बहुतेक फिती उभ्या चौकटीत बसवल्या जातात. समोरून अंगावर येणारी जोडी त्या चौकटीत चांगली मावते; आडवी धाव मात्र मावत नाही. परिणामतः समोरून घेतलेल्या दृश्याचा सुकाळ झाला आहे. समोरच्या दृश्यात वेगाचा अंदाज येत नाही. येते ती केवळ जवळ आल्याची जाणीव. प्रेक्षक ज्याला वेग समजतो तो पुष्कळदा आकारमानाचा वाढता ठसा असतो.

धावत्या जनावराचे चित्रण हा काही आजचा उद्योग नव्हे. चलच्चित्राचा जन्मच एका अर्थी तेथून झाला. १८७८ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे ओळीने मांडून दौडणाऱ्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली, आणि चारही खूर एकाच वेळी जमिनीपासून सुटतात की नाही हा जुना वाद मिटवला. खूर सुटतात, परंतु चित्रकार दाखवीत असत तसे पाय पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर ते पोटाखाली गोळा झालेले असताना. १८८७ साली त्याने प्राण्यांच्या गतीसंबंधी ७८१ पत्रे प्रसिद्ध केली. मायब्रिजने गती थांबवली ती पाहता यावी म्हणून. आमचे संपादक गती मंदावतात, परंतु कोणत्या क्षणी? बैलाचे मस्तक, शिंगांचे गोंडे, अंगावरची झूल, मालकाने उधळलेला गुलाल, या क्षणी. पाय ज्या चौकटींत दिसावयाचे त्या चौकटी बहुधा गाळलेल्या असतात. मंद गती हे येथे निरीक्षणाचे साधन राहिलेले नाही. ते आरतीचे तबक झाले आहे.

आपल्याकडेही चित्रणकलेचा आरंभ खेळापासूनच झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. सावे दादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे चित्रण केले. पुढे त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला आणि नंतर नाशिकला आपल्या चित्रनिर्मितीचे ठाणे केले. नाशिककरांस फाळक्यांचे पौराणिक चित्रपट ठाऊक असतात. परंतु त्यांच्या आधी त्यांनी रोपट्याच्या वाढीचे चित्रण केले होते, हे सहसा आठवत नाही. कुंडीतल्या बीला अंकुर फुटून रोप होईपर्यंतचा अनेक दिवसांचा काळ त्यांनी काही क्षणांत दाखवला. काळ आखडणे आणि काळ ताणणे ही दोन्ही कामे कॅमेरा करू शकतो. ती कोणत्या हेतूने करावयाची हे चित्रकाराने ठरवावयाचे असते. भाटवडेकर आणि फाळके यांची ही चित्रणे मूक होती. ध्वनी नोंदवण्याची सोयच त्या वेळी नव्हती. आज खिशातले यंत्र दृश्याबरोबर ध्वनीही आपोआप नोंदवते, आणि आम्ही तो हाताने पुसून टाकतो.

या पुसण्याचे गांभीर्य लक्षात येण्यासाठी परदेशातील एका सदृश खेळाशी तुलना उपयुक्त होईल. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत कुत्र्यांच्या संघाकडून बर्फावरील घसरगाडी ओढवण्याचा खेळ आहे. बर्फ नसलेल्या ऋतूत तोच खेळ कोरड्या जमिनीवर, तीनचाकी वा चारचाकी गाडी, सायकल किंवा पायचाकी जोडून चालतो. त्याच्याही चित्रफितींचे मोठे पेव फुटले आहे. त्यांत कॅमेरा हाकणाऱ्याच्या डोक्यावर अथवा गाडीच्या दांडीवर असतो; दिसतात ती धावणाऱ्या कुत्र्यांची पाठ, दोर आणि रानातली वाट. प्रेक्षकांची गर्दी नसते. ऐकू येतो तो हाकणाऱ्याचा आवाज, आणि तो शोभेसाठी नसतो. या कुत्र्यांना लगाम नाही, कासरा नाही. उजवीकडे वळण्यास 'जी', डावीकडे वळण्यास 'हॉ' अशा तोंडी आज्ञांवरच संघ चालतो. भाषाभ्यासकास विशेष कुतूहल वाटावे असे यात हे, की या दोन्ही आज्ञा मुळात कुत्र्यांच्या नव्हेतच. इंग्रजी बोलणारे गाडीवान घोड्यांना आणि बैलांना हाकताना त्या वापरीत, आणि तेथून त्या कुत्र्यांकडे आल्या. म्हणजे बर्फावरच्या कुत्र्याच्या कानात आजही बैल हाकणाऱ्याची भाषा शिल्लक आहे. ती फीत मूक केली तर कुत्रा का वळला हे पाहणाऱ्यास कळणार नाही. आवाज हाच तेथे लगाम असल्यामुळे तो काढून टाकण्याचे त्या चित्रकारांच्या सहसा मनात येत नाही.

आमच्या शर्यतीत आवाज दोन प्रकारचा असतो, आणि दोहोंचा अभ्यास व्हावयास हवा. पहिला जनावराशी बोलणारा. हाकणारा टाळूला जीभ लावून, दातांमागे जिभेचा झटका देऊन जो 'च्यक् च्यक्' असा ध्वनी काढतो, तो ध्वनिविज्ञानाच्या दृष्टीने आपल्या वर्णमालेबाहेरचा आहे. फुप्फुसातून बाहेर पडणाऱ्या हवेने तो होत नाही. तोंडातल्या तोंडात हवा आत ओढून होतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील काही भाषांत अशा ध्वनींचे स्वतंत्र वर्ण आहेत आणि त्यांनी शब्द घडतात. मराठीत त्यांचा शब्द घडत नाही. पण मराठी माणूस ते रोज उच्चारतो, हळहळ व्यक्त करताना आणि बैल हाकताना. एकाच ध्वनीची ही दोन कामे कशी वेगळी ओळखली जातात? आवृत्तीवरून, की लयीवरून, की केवळ प्रसंगावरून? उत्तर देण्यास सामग्री हवी, आणि ती या फितींत फुकट उपलब्ध होती.

दुसरा आवाज लोकांशी बोलणारा, म्हणजे निवेदकाचा. घाट असो वा मैदान, ध्वनिक्षेपकावर बसलेला निवेदक हा शर्यतीचा खरा सूत्रधार असतो. त्याच्या बोलण्याचे थर निरनिराळे आहेत. गाडा जुंपला जात असताना तो मालकांची आणि गावांची नावे पुकारतो. बैल पुष्कळदा वेगवेगळ्या मालकांचे एकत्र आणून जोडलेले असतात. त्यामुळे अमुक गावचे अमुक शेठ यांचा हा बैल आणि तमुक गावचे तमुक आप्पा यांचा तो बैल, अशी षष्ठीची लांबच लांब साखळी तयार होते. मालकाला आदरार्थी बहुवचन मिळते. बैल कितीही नामांकित असला तरी तो एकवचनी राहतो. मध्येच 'मागं सरा', 'घाट मोकळा करा' अशा आज्ञा येतात. तेथे स्वर एकदम चढतो आणि वाक्ये तुटक होतात. मग गाडा सुटतो आणि वाक्यरचना संपते. उरतात क्रियापदे आणि उद्गार. शेवटी सेकंद सांगितले जातात. हे सांगणे केवळ बातमी नसते. घड्याळात काय दिसले हे पंचांस ठाऊक असते, पण ध्वनिक्षेपकावरून उच्चारले जाईपर्यंत तो निकाल होत नाही. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनंतर ज्यांना आपण कृतिरूप वाक्ये म्हणतो, त्यांचे याहून चोख उदाहरण वर्गात देण्यास मला सापडलेले नाही.

येथे क्रियापदांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण लेखाचा मुख्य आधार तेथे आहे. गाडा अजून अर्ध्या घाटात असताना निवेदक 'आला, आला' म्हणतो. व्याकरणदृष्ट्या हा भूतकाळ. घटना मात्र घडावयाची आहे. मराठीत ही रचना परिचित आहे. हाक मारली असता जागेवरून न उठताही आपण 'आलो' म्हणतो. येथे प्रत्यय काळ दाखवीत नाही. क्रियेची निश्चिती दाखवतो. घरगुती बोलण्यात हा प्रयोग एखाद्या शब्दापुरता असतो. शर्यतीच्या निवेदनात मात्र त्यावर सबंध धाव उभी राहते. गाडा जसजसा निशाणाजवळ येतो तसतसा व्याकरणातला भूतकाळ आणि डोळ्यांपुढचा वर्तमान यांतील अंतर कमी होत जाते, आणि निशाणाशी ते शून्य होते. श्रोत्याला जी उत्कंठा वाटते तिचा काही भाग या अंतरात आहे. कोणतेही पार्श्वसंगीत तो पुरवू शकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट लिंगाची. धावेच्या वेळी कर्ता उच्चारण्यास अवधी नसतो. तो गळतो आणि क्रियापद एकटे राहते. तरी श्रोत्यास कळते, कारण मराठी क्रियापद कर्त्याचे लिंग वाहते. खेड-जुन्नरकडे वाहन 'गाडा' आहे, म्हणून 'सुटला'. सातारा-सांगलीकडे ती 'गाडी' आहे; म्हणून 'सुटली'. विदर्भात पटावर 'जोडी' असते, तेथेही 'सुटली'. घाटात 'बारी' स्त्रीलिंगी आणि 'घोडी'ही स्त्रीलिंगी असल्यामुळे 'सुटला' आणि 'सुटली' ही दोन्ही रूपे एकाच निवेदकाच्या तोंडून येऊ शकतात, आणि त्याची नजर त्या क्षणी गाड्यावर आहे, घोडीवर आहे की सबंध धावेवर आहे, हे त्या एका शेवटच्या अक्षरावरून ओळखू येते. तात्पर्य, चित्रफितीवर गावाचे नाव नसले, शीर्षक नसले, तरी केवळ क्रियापदाच्या अंत्य स्वरावरून ती कोणत्या भागातील असावी याचा अंदाज बांधता येतो. बोलींच्या सीमारेषा आपण आजवर बहुधा नाती, भांडी, पिके यांच्या शब्दांवरून आखल्या. गाडा-गाडी ही सीमारेषा शर्यतीच्या मैदानात उघड्यावर पडलेली आहे, आणि ती ज्या चित्रफितींत नोंदली गेली होती त्यांवर आज कर्णकर्कश गाणे चढवलेले असते.

'भिर्रर्र' या सुप्रसिद्ध उद्गाराविषयीही एक शब्द. शर्यतीची बातमी देताना वृत्तपत्रे तो मथळ्यात छापतात आणि तीन-चार 'र' लिहून मोकळी होतात. मराठीतील नेहमीचा 'र' जिभेच्या एका टोल्याचा असतो. येथे जीभ कंप पावत राहते आणि कंपन श्वास पुरेल तोवर लांबते. लिपीला ही लांबी दाखवता येत नाही, ध्वनिफितीला येते.

आता आक्षेपाचा विचार करू. कोणी म्हणेल, या फिती म्हणजे दस्तऐवज नव्हेत. ते गौरवगीत आहे, आणि गौरवगीताला दस्तऐवजाचे निकष लावणे अरसिकपणाचे आहे. आक्षेप वरवर सबळ दिसतो. पण आपल्याकडे गौरवगीताची परंपरा आहे, आणि तिचे दंडक आहेत. पोवाडा स्थळ सांगतो, माणसे सांगतो, प्रसंगाचा क्रम सांगतो; शेवटी शाहीर आपले नावही घालतो. गौरव करावयाचा तो कोणाचा आणि कशासाठी, हे त्यात निःसंदिग्ध असते. आजच्या फितीत बैलाचे नाव असते, 'किंग', 'बादशहा', 'एकच नाद' असे एखादे बिरुद असते, आणि एखाद्या चित्रपटातील संवाद उचलून चिकटवलेला असतो. कोणता घाट, कोणता दिवस, किती सेकंद, जोडीला कोण होता, यांतील काहीच नसते. एकच संवाद पन्नास बैलांच्या फितींवर चढला की तो कोणत्याच बैलाचा राहत नाही. निवेदकाने केलेला गौरव त्या मानाने किती नेमका असतो! तो गाव सांगतो, वंश सांगतो, बैल आदत आहे, दुसा आहे की चौसा हे सांगतो. दातांवरून वय मोजणारे हे शब्द बैलबाजारातून शर्यतीत आले आहेत आणि प्रत्येकाला ठरावीक अर्थ आहे.

या नेमकेपणाला व्यवहारातही किंमत आहे. शर्यतीच्या बैलांचे सौदे लाखांच्या घरात जातात, आणि फीत पाहून बैल पसंत करणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. फीत हा अशा वेळी विक्रीचा दाखला असतो. येथे एक साधे गणित मांडतो. साधारण मोबाइल एका सेकंदात ३० चौकटी नोंदवतो. म्हणजे दोन चौकटींमध्ये सुमारे ०.०३३ सेकंदाचे अंतर. घाटातील बारी अकरा-बारा सेकंदांची धरली तर तिच्या साडेतीनशेच्या आसपास चौकटी होतात. दोन गाड्यांमधील फरक जेव्हा शतांश सेकंदाचा असतो, तेव्हा अशी फीत तो दाखवूच शकत नाही. निशाण ओलांडण्याचा क्षण दोन चौकटींच्या मध्ये पडून जातो. ६० चौकटींच्या चित्रणात अंतर ०.०१७ सेकंदावर येते, तेही अपुरेच. २४० चौकटींच्या मंदगती चित्रणात मात्र ते सुमारे ०.००४ सेकंद होते, आणि तेथे फीत खरोखर पंचाचे काम करू शकेल. म्हणजे ज्या सोयीचा उपयोग गुलाल दाखवण्यासाठी होतो तिचा योग्य उपयोग निशाणावर होता. त्यातही संपादकाने वेग बदललेला असेल, तर फितीवरून काढलेले सेकंद सर्वस्वी निराधार होत. आणि वेग बदलला आहे की नाही हे ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे मूळ आवाज. माणसाचा आवाज ताणला वा आखडला की कान तत्काळ ओळखतो. बैलाची धाव ताणली तर डोळा फसतो.

येथून आपण पुराव्याच्या प्रश्नाशी येतो. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रदर्शनासाठी वापरावयास बंदी असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही निषिद्ध ठरवल्या. त्या निर्णयात प्राणिकल्याण मंडळाच्या निरीक्षकांच्या अहवालांचा आधार घेतलेला आहे. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, परंतु उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे शर्यती सुरू झाल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सशर्त मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. चाबूक, काठी, विजेचा धक्का यांना नियमांनी मज्जाव आहे, आणि शर्यतीचे चित्रीकरण ही परवानगीच्या अटींपैकी एक झाली आहे.

बंदीच्या काळातही शर्यती पूर्णपणे थांबल्या नव्हत्या, हे सर्वविदित आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातील झरे येथे बंदोबस्त असताना, नियोजित जागा सोडून दुसरीकडे पहाटे शर्यत उरकण्यात आली, आणि तिची दृश्ये राज्यभर पसरली. अशा परिस्थितीत फितीतील कोणता भाग सर्वांत धोक्याचा? निवेदकाचा आवाज, कारण गाव, मालक आणि बैल यांची नावे त्यात स्पष्ट असतात. तो काढून त्या जागी गाणे घालण्याची रीत या वर्षांत दृढ झाली असावी, असा माझा तर्क आहे. तो बरोबर असेल, तर एका विशिष्ट काळातील सावधगिरी पुढे निष्कारण शैली होऊन बसली, असे म्हणावे लागेल. भयाचे कारण गेले तरी मौन राहिले.

ही शैली आता शर्यतीच्या समर्थकांच्याच मुळावर येणारी आहे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. बैलाला क्रूरपणे वागवले गेले की नाही हा प्रश्न उद्या उपस्थित झाला, तर संपादित फीत दोन्ही पक्षांस निरुपयोगी ठरेल. धाव बहुधा सुटण्याच्या क्षणापासून दाखवली जाते. शंका येण्याजोगी जागा असते ती त्याच्या आधीची: जुंपणी, जनावरांना धरून ठेवणे, सोडतानाची गडबड. तो अर्धा-एक मिनिट नीरस म्हणून कापला जातो. कापलेल्या जागेत काही गैर नव्हते, हे सांगण्यास मग साक्षीदार उरत नाही; आणि काही गैर होते, हेही सिद्ध करता येत नाही. दोन्ही बाजूंचे लोक मग आपापल्या संग्रहातील सोयीची फीत दाखवतात. प्राणिमित्रांच्या फितींतही संगीत असते, फक्त ते शोकाचे असते. समीक्षकाला दोन्हींत एकच दोष दिसतो.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस या सर्वातून काही काम सुचावे, अशी अपेक्षा आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. त्या सर्वेक्षणाच्या निमित्ताने पुढे ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांत उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे अनुवाद वाचून घेतलेले आहेत. डॉ. अ. मा. घाटगे यांची मराठी बोलींच्या पाहणीची पुस्तके १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांची शिस्त आजही अनुकरणीय आहे. तथापि संशोधकाने विचारल्यावर मिळालेली मराठी आणि हजारो माणसांपुढे, खुल्या रानात, काही सेकंदांच्या आत बोलावी लागणारी मराठी या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा संग्रह आपल्याकडे जवळजवळ नाही. तो ज्यांच्याकडे आहे ते चित्रण करणारे तरुण मूळ फीत संपादनानंतर पुसून टाकतात, कारण मोबाइलमध्ये जागा नसते.

या मूळ फिती त्यांच्याकडून मागून घ्याव्यात. घाट वा मैदान, तालुका, तारीख, कॅमेऱ्याची जागा, चौकटींचा वेग आणि निवेदक कोणत्या गावचा, एवढी टिपणे सोबत असली म्हणजे पुरे. चित्रण जुंपणीपासून सेकंद पुकारले जाईपर्यंत अखंड असावे. मालकांची व चित्रित व्यक्तींची संमती घ्यावी. अशा शंभरएक बाऱ्या जमल्या की वर केवळ सुचवलेल्या काही गोष्टी मोजता येतील. 'आला'ची पहिली आवृत्ती निशाणापासून किती सेकंद आधी येते? चढ अधिक असलेल्या घाटात ती लांबते काय? पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या हद्दीवर, जेथून आपल्या नाशिककडची मराठी फार दूर नाही, तेथील निवेदक 'सुटला' म्हणतो की 'सुटली', आणि बाहेरगावचा गाडा आला असता पाहुण्याचे लिंग वापरतो की आपले? आणि निवेदकाच्या 'भिर्रर्र'मधील जिभेचे कंपन बारी संपेपर्यंत टिकते, की बारी श्वासाला मागे टाकते?